2013 ची वॅगन-आर, खराडी ते रांजणगाव, आणि सीएनजी किटचा पूर्ण हिशोब

जुन्या पेट्रोल गाडीला सीएनजी किट लावावं का, हा प्रश्न मला नात्यातलं कोणी ना कोणी विचारतंच. बहुतेक जण विचारतात ते असं की "किट कितीला बसतं आणि अ‍ॅव्हरेज किती देते". एवढ्यावर उत्तर देता येत नाही हो. म्हणून एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहितोय, माझ्या मामेभावाचं. दादाने सगळ्या खर्चाची वही ठेवली होती त्यामुळे आकडे हाताशी आहेत, आणि त्याच गाडीचं एकदा "नको" आणि नंतर "हो" असं उत्तर आलं, त्याच्यामुळे कशाने काय फरक पडतो ते नीट कळतं.

गाडी 2013 ची वॅगन-आर, 998 सीसी, तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बीएस-4, एकाच हातातली, 2023 ला मीटरवर लाखाच्या थोडं आत. दादा राहतो खराडीला. आधी कंपनी हडपसरला होती, जाऊन-येऊन सोळा किलोमीटर, रविवारी कुठे सासुरवाडी नाहीतर मार्केट, म्हणजे महिन्याचे झाले 500 किमी. तेव्हाही त्याच्या डोक्यात किट होतंच कारण पेट्रोल 106 ला जाऊन बसलं होतं आणि ऑफिसातले सगळे गॅसवाले. तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की दादा तुझ्या चालवण्याला किट परवडत नाही, पैसे बँकेत राहू दे. मग 2023 च्या उन्हाळ्यात त्याची बदली झाली रांजणगाव एमआयडीसीला, मेंटेनन्समधे असल्याने वेळेचं काही खरं नाही म्हणून कंपनीची बस उपयोगाची नाही, एका बाजूला साधारण 42 किमी, आणि बाईकवर नगर रोडने रोज जायला वहिनींनी सरळ नाही म्हणून सांगितलं (बरोबरच आहे, त्या रोडवर ट्रेलर कसे चालतात ते बघितलेल्याला वेगळं सांगायला नको). तर आता महिन्याला 2100 किमी. प्रश्न परत उभा राहिला.

सगळ्यात आधी मी त्याला गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज काढायला लावलं. तो म्हणत होता अठरा देते, कारण कधीतरी कोकणात जाताना अठरा मिळालं होतं. टाकी फुल करायची, मीटर लिहून ठेवायचा, रोजच्यासारखी चालवायची, परत त्याच पंपावर फुल करायची आणि भागायचं, असं दोन-तीनदा केल्यावर नवीन रूटवर 16 आलं. हडपसरच्या दिवसात, सिग्नल आणि ट्रॅफिकमधे, तेच 13 होतं. हे आकडे नसतील तर पुढचा सगळा हिशोब हवेत. किट विकणारा माणूस नेहमी तुमच्या गाडीचं पेट्रोलचं अ‍ॅव्हरेज कमी आणि गॅसचं जास्त धरतो, त्यामुळे निदान पेट्रोलचा आकडा तरी आपल्या वहीतला पाहिजे.

गॅसचं अ‍ॅव्हरेज किलोवर मोजतात आणि एक किलो सीएनजीमधे साधारण दीड लिटर पेट्रोलच्या जवळपास ऊर्जा असते, म्हणून पेट्रोलला 16 देणारी गाडी, सिलिंडरचं वजन वगैरे धरून, गॅसवर 21-22 देते. किटमधे जादू काही नाही. एखादा 28 सांगत असेल तर त्याला हायवेवर मोकळ्या गाडीचं सांगतोय का ते विचारा. आम्ही 22 धरलं.

आता 2023 च्या मध्याचे पुण्यातले रेट, पेट्रोल 106 आणि सीएनजी 86 च्या आसपास. पेट्रोलवर किलोमीटरला 6.63 रुपये, गॅसवर 3.91, फरक 2.72. बरेच लोक इथेच 2100 ने गुणून मोकळे होतात, आणि इथेच गडबड होते, कारण गाडी सगळे किलोमीटर गॅसवर चालतच नाही. सिक्वेन्शियल किटमधे (इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या नोझलने गॅस देणारं किट) गाडी पेट्रोलवरच स्टार्ट होते आणि इंजिनचं पाणी एका ठराविक तापमानाला आल्यावरच गॅसवर जाते. कारण असं की सिलिंडरमधे गॅस 200 बार प्रेशरला भरलेला असतो, तो रेड्युसरमधे एकदम कमी प्रेशरला येतो तेव्हा प्रचंड गार पडतो, आणि रेड्युसर गोठू नये म्हणून त्याच्यातून इंजिनचं गरम पाणी फिरवलेलं असतं. पाणीच गरम नाही तर गॅस सुरू होणार नाही. म्हणजे थंडीत सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर पेट्रोलवर. बेचाळीस किलोमीटर जाणाऱ्याला हे काहीच नाही, पण आठ किलोमीटर जाणाऱ्याचा चौथा हिस्सा इथेच गेला, त्यात मधे गॅस संपला आणि पंपावर लाईन बघून तसाच पुढे गेला की अजून थोडं.

हडपसरसाठी मी 72 टक्के गॅसवर धरलं होतं आणि रांजणगावसाठी 92 टक्के. त्यात वर्षाचा जास्तीचा खर्च, म्हणजे गॅसचे फिल्टर, प्लग लवकर बदलणं, इन्शुरन्सचा वाढीव हप्ता, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी), हे सगळं मिळून महिन्याला 420 रुपये वजा केले. किट, 60 लिटरचं सिलिंडर, फिटिंग आणि आरसीवर नोंद करून 58 हजार, आणि किट लावायच्या आधी गाडीवर करायला लागलेलं काम 9 हजार, एकूण 67 हजार.

रांजणगाव: 2100 पैकी 1932 किमी गॅसवर, गुणिले 2.72, म्हणजे 5255 रुपये, वजा 420, हातात 4835. चौदा महिन्यात पैसे वसूल. हडपसर: शहरात फरक किलोमीटरला जास्त पडतो, 3.37 (13 आणि 18 च्या अ‍ॅव्हरेजने), पण गॅसवर चालणार फक्त 360 किमी, 1213 वजा 420, हातात 793. सात वर्षं! आणि गाडीच्या आरसीची पंधरा वर्षं 2028 ला संपतात, म्हणजे 2023 ला पाचच शिल्लक. तीच गाडी, तोच माणूस, तेच किट.

मधल्या लोकांसाठी पण सांगतो, महिन्याला हजार किमी असेल तर याच रेटने साधारण तीन वर्षं लागतात. गाडी अजून सहा-सात वर्षं ठेवायची असेल तर विचार करा, दोन वर्षात विकायची असेल तर सोडून द्या. विकताना किटचे पैसे परत मिळत नाहीत, बाहेरून बसवलेलं किट बघून उलट काही गिऱ्हाईकं भाव पाडून मागतात.

आता ते 9 हजाराचं काम, कारण जुन्या गाडीत माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि याच्याकडेच कोणी बघत नाही. गॅस ही कोरडी गोष्ट आहे. पेट्रोलच्या थेंबांमुळे व्हॉल्व्ह आणि तो ज्याच्यावर टेकतो त्या सीटला जो थोडा गारवा-ओलावा मिळत असतो तो गॅसवर मिळत नाही. कंपनी फिटेड सीएनजी गाड्यांमधे व्हॉल्व्ह सीट त्या हिशोबाने कडक धातूच्या देतात, पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनात तसं असेलच असं नाही. त्यामुळे सीट हळूहळू झिजते, टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली बारीक फट) कमी होत जातो, आणि आवाज वाढण्याऐवजी उलट गाडी शांत होते, लोकांना वाटतं मस्त चाललीय, आणि एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा होऊन कॉम्प्रेशन (इंजिनच्या सिलिंडरमधला दाब) जातं. म्हणून किट लावायच्या आधी कॉम्प्रेशन तपासायचंच. दादाच्या गाडीचे तिन्ही प्लग काढून इंजिनच्या एकेका सिलिंडरला गेज लावून सेल्फ मारला, मी शेजारी उभा होतो, तिन्हीचं रीडिंग जवळजवळ सारखं आलं तेव्हाच पुढे जायचं ठरलं. एखादा सिलिंडर बाकीच्या दोनपेक्षा बराच खाली असता तर किटचा विषय तिथेच बंद.

दुसरं इग्निशन. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त जोराची ठिणगी लागते, त्यामुळे पेट्रोलवर कशीबशी चालणारी, ठिणगीला वीज देणारी जुनी कॉइल गॅसवर लगेच मिसिंग करायला लागते आणि सगळा दोष किटवर जातो. नवीन प्लग टाकले, गॅप थोडा कमी ठेवून. तिसरं कूलिंग. रेड्युसर इंजिनच्या पाण्यावर अवलंबून, आणि गॅसवर एक्झॉस्टच्या बाजूला ताप जास्त, म्हणून कडक झालेले होज, थर्मोस्टॅट आणि कूलंट बदललं. एअर फिल्टर, टॅपेट गॅप, थ्रॉटल बॉडी सफाई. एवढ्यात नऊ हजार गेले. हा खर्च किटच्या हिशोबात धरायचा की गाडीच्या, यावर दादाने वाद घातला, मी किटमधेच धरला, कारण पेट्रोलवर हे काम अजून वर्षभर पुढे ढकलता आलं असतं.

फिटर निवडताना आम्ही तीन ठिकाणी फिरलो. एकाने 35 हजारात करून देतो म्हणून सांगितलं, "आरसीचं नंतर बघू साहेब, कोण विचारतंय". तिथून आम्ही चहा न घेता निघालो. हे कळकळीने सांगतो, आरसीवर पेट्रोल-सीएनजी अशी नोंद नसताना गाडी गॅसवर चालवणं म्हणजे अपघात झाल्यावर इन्शुरन्स कंपनीच्या हातात क्लेम नाकारायचं कारण स्वतःहून देणं. किट त्या इंजिनच्या क्षमतेसाठी मंजूर पाहिजे, मंजुरी एआरएआय किंवा आयकॅटसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची आणि चालू मुदतीतली पाहिजे (ही मंजुरी दर तीन वर्षांनी रिन्यू करावी लागते, म्हणून तारीख बघा), सिलिंडरला पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता पाहिजे, आणि बसवणारा आरटीओने अधिकृत केलेला रेट्रोफिटर पाहिजे. मग त्याची सर्टिफिकेटं, इन्शुरन्स, पीयूसी लावून आरटीओत बदलाची नोंद. गाडीवर लोन असेल तर बँकेची एनओसी. इन्शुरन्सला कळवलं की फुल पॉलिसीमधे किटच्या किमतीच्या 4 टक्के ओन डॅमेजमधे (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग) वाढतात आणि थर्ड पार्टीत 60 रुपये, वर जीएसटी. एवढ्याशा पैशासाठी लोक लपवतात हे मला खरंच समजत नाही.

फिटिंगच्या दिवशी दादाने सुट्टी काढली आणि दिवसभर तिथेच बसला, मी पण दुपारनंतर गेलो. एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. गॅसचे नोझल बसवायला इनटेक मॅनिफोल्डला भोकं पाडावी लागतात, प्रत्येक सिलिंडरच्या वाटेला एक. घाईतला फिटर मॅनिफोल्ड गाडीवरच ठेवून ड्रिल मारतो आणि तो कीस सरळ इंजिनात जायची भीती. आमच्या फिटरने मॅनिफोल्ड उतरवलं, बाकावर ठेवून भोकं पाडली, आटे पाडले, आतून हात फिरवून कीस साफ केला, हवा मारली आणि नवीन गॅस्केट टाकून परत चढवलं. दोन तास जास्त गेले. मी त्याला विचारलं गाडीवरच का नाही केलं, तर म्हणाला "भाऊ, कीस आत गेला तर ते इंजिन मलाच खोलायला लागेल". असा माणूस मिळाला की पाच हजार जास्त गेले तरी द्या. वायरिंगला पण त्याने इंजेक्टरचे कनेक्टर वापरले, मूळ वायर कापून टेप गुंडाळली नाही. सगळं झाल्यावर प्रत्येक जॉइंटला साबणाचा फेस लावून बघितला, मग लॅपटॉप जोडून आधी उभ्या गाडीवर आणि नंतर रस्त्यावर ट्यूनिंग.

डिकी मात्र गेली. 60 लिटरचं लोखंडी सिलिंडर रिकामं असतानाच पन्नास किलोच्या वर, स्टेपनी काढायची तर सिलिंडरच्या खालून कसरत, म्हणून स्टेपनी वर आणून बाजूला उभी लावली. गावाला जाताना चौघं आणि सामान हा विषय संपला, कॅरियर लावावं लागलं, त्याचे पैसे मी हिशोबात धरले नाहीत कारण ते वर्षातून दोनदा लागतं. मागचं सस्पेन्शन थोडं बसलं, टायरमधे हवा थोडी वाढवून चालवतो.

आता प्रत्यक्षात काय झालं. पहिल्या महिन्यात कमी आरपीएमला गॅसवर जाताना झटका मारायची आणि चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर मिश्रण पातळ असल्याचा कोड. परत मॅपिंग (लॅपटॉपवर गॅसचं प्रमाण बसवणं) करून घेतलं, थांबलं. पिकअप कमी झाला, तो होणारच, गॅस हवेची जागा खातो त्यामुळे दहा टक्क्यांच्या आसपास ताकद जाते, आणि हजार सीसीच्या गाडीत ते ओव्हरटेक करताना जाणवतं. दादा आता शिक्रापूरच्या पुढे ओव्हरटेक मारताना स्विच दाबून पेट्रोलवर घेतो. पावसाळ्यात एक कॉइल गेलीच. मॅपिंग आणि कॉइल मिळून साडेचार हजार.

अ‍ॅव्हरेज 22 नाही, 20.5 मिळालं. वाघोलीच्या ट्रॅफिकला कुठलंच किट काही करू शकत नाही. म्हणजे किलोमीटरला फरक 2.72 ऐवजी 2.43, महिन्याला हातात 4835 ऐवजी 4275. चौदाचे झाले सतरा महिने. जून 2023 ला किट बसलं आणि 2024 च्या दिवाळीच्या सुमारास वहीत जमा-खर्चाची बरोबरी झाली. त्याच्यापुढचं सगळं नफ्यात.

तरी रेटचं एक सांगायलाच पाहिजे. राज्य सरकारने 1 एप्रिल 2022 पासून सीएनजीवरचा व्हॅट 13.5 वरून 3 टक्क्यांवर आणला तेव्हा पुण्यात सीएनजी 62.20 ला आला होता, तेव्हा ज्यांनी त्या रेटने हिशोब करून किट लावलं त्यांना त्याच वर्षात नव्वदीच्या पार रेट बघायला मिळाला. एप्रिल 2023 पासून देशातल्या गॅसच्या किमतीचं सूत्र बदललं, कच्च्या तेलाच्या 10 टक्के आणि वर मर्यादा, म्हणून थोडा उतरला. मग 2024 च्या शेवटी शहर गॅस कंपन्यांना मिळणाऱ्या स्वस्त सरकारी गॅसच्या कोट्यात कपात झाली आणि परत चढला, तर पेट्रोल मार्च 2024 मधे दोन रुपये उतरलं होतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी फरक आवळला. पेट्रोल 104 आणि गॅस 89 धरला तर दादाचा किलोमीटरचा फरक 2.43 वरून 2.16 वर येतो, महिन्याला पाचशे रुपये कमी. म्हणून मी कोणालाही आजच्या रेटवर पाच वर्षांचा हिशोब करून देत नाही. वसुली दीड-दोन वर्षांच्या आत होत असेल तरच हो म्हणतो, त्याच्यापुढचं सरकार आणि बाजार काय करेल ते आपल्या हातात नाही.

आणि लाईन. आठ किलो गॅसमधे 160 किमीच्या आसपास जातं, म्हणजे दर दोन दिवसांनी पंप. संध्याकाळी प्रेशर कमी असलं की आठऐवजी सहा-साडेसहाच बसतो आणि तिसऱ्या दिवसाची पण फेरी. दादाने सकाळी लवकर निघून जाता जाता भरायची सवय लावली तेव्हा कुठे बरं चाललं. ज्यांना ठराविक वेळेला हजेरी लावायचीय आणि वाटेत एकच पंप आहे त्यांनी आधी पाच-सहा दिवस त्या पंपावर त्या वेळेला किती गाड्या असतात ते बघून यावं, फुकटात होणारं काम आहे. टाकीत पेट्रोल पण कायम थोडं ठेवायचं, इंजिनला पेट्रोल पाठवणारा छोटा पंप टाकीच्या आत पेट्रोलमधे बुडून गार राहतो, कोरडा फिरला की जळतो, आणि तो खर्च महिन्याची बचत खाऊन टाकतो. आठवड्यातून एकदा काही किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवायची म्हणजे इंजेक्टर जाम होत नाहीत.

दिवाळीनंतर दादाच्या डिपार्टमेंटमधला एक जण वही बघून म्हणाला मला पण करून दे, त्याची 2009 ची हॅचबॅक, राहायला वाघोली. गाडी बघितली, एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बरंच खाली, म्हणजे हेडचं काम आधी, आणि आरसीची पंधरा वर्षं संपलेली, रिन्यूअलची फी, ग्रीन टॅक्स, फिटनेस सगळं समोर उभं. त्याचा रोजचा रूट दादापेक्षा लहान. मी त्याला सगळे आकडे कागदावर मांडून दाखवले आणि किट नको म्हणून सांगितलं. शिफ्ट जुळते म्हणून तो आता वाघोलीतून दादाच्याच गाडीत बसतो, तिथून पुढच्या गॅसचे अर्धे पैसे महिन्याच्या महिन्याला देतो, आणि सिलिंडरच्या 2026 च्या टेस्टिंगचे पैसे दादा त्यातूनच बाजूला काढतोय.